झेंडू, गोमूत्र आणि मामाची करंगळी

‘गँगरीन झालंय? पाय कापू नका! देशी गायीचं ताजं गोमूत्र, हळद आणि झेंडूच्या पाकळ्या वाटून लेप लावा. काळा भाग गळून पडेल, 21 दिवसांत नवी कातडी. डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत. पुढे पाठवा, एकाचा पाय वाचला तरी पुण्य.’

हा मेसेज मला इतक्या वेळा आलाय की मी तो वाचायचंही सोडलं होतं. यंदा दसऱ्यानंतर मावशीने तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि मामीने वाचला. मामाला चौदा वर्षं शुगर आहे. नवी चप्पल लागून करंगळीला झालेली जखम महिनाभर भरत नव्हती. दारावरच्या तोरणातला झेंडू सुकायच्या आत पाट्यावर गेला.

मला कळलं अकराव्या दिवशी. मी सर्जरीच्या वॉर्डात एकोणीस वर्षं ड्रेसिंग करतेय, आणि माझ्याच मामाच्या पायाला जुन्या धोतराची पट्टी बांधून त्यावर लेप चालला होता. विचारलं तर मामा म्हणाला, ‘‘अगं, दुखत नाही आता. गुण येतोय.’’ शुगरने पायाच्या नसा मेल्या की दुखत नाहीच. टाचेत खिळा घेऊन चालत आलेला माणूस मी पाहिलाय.

लेप भाकरीच्या परातीला वाळलेल्या पिठासारखा चिकटला होता. सलाईनने भिजवून भिजवून सोडवला. करंगळीचं टोक काळं, सुरकुतलेलं, मनुक्यासारखं. मुळाशी मात्र ओल, बेचक्यात पू, आणि तो वास. आम्ही वॉर्डात काय करतो, तर लाली जिथवर चढलीय तिथे पेनाने रेघ मारतो. दुसऱ्या दिवशी लाली रेघेच्या पुढे गेली की डॉक्टरांना फोन. इथे रेघ कुठे मारणार? घोट्यापर्यंत सगळं हळदीने पिवळंधमक.

म्हणून मावशी, हे तुझ्यासाठी, आणि ज्यांनी ज्यांनी हात जोडून पुढे पाठवलं त्यांच्यासाठीही.

आधी गोमूत्र, कारण सगळ्यात जास्त राग त्याचाच आहे. मेसेजमध्ये लिहिलंय की ते ‘सर्व जंतूंचा नाश करतं’. गोठ्यात, गायीच्या मागे तांब्या धरून घेतलेलं मूत्र. ज्या जंतूमुळे वायूचं गँगरीन होतं, तो क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स, राहतो कुठे? मातीत, शेणात, जनावरांच्या आणि माणसांच्या आतड्यात. वेल्च आणि नटाल या संशोधकांनी 1892 मध्ये अमेरिकेत तो पहिल्यांदा वर्णन केला. त्याची खरी ओळख जगाला पटली ती पहिल्या महायुद्धात. बेल्जियम आणि फ्रान्समधली ती लढाईची जमीन पिढ्यान्‌पिढ्या शेणखत घातलेली शेतं होती. जखमेत चिखल गेला की एकदोन दिवसांत पाय टरारून फुगायचा, बोटाने दाबला की कातडीखाली करकर वाजायची, कारण जंतू तिथे वायू तयार करत. त्या युद्धात आंत्वान दपाज हा बेल्जियन सर्जन आणि त्याच्यासारखे इतर एका गोष्टीवर आले: मेलेलं मांस कापून काढा आणि जखम लगेच शिवू नका, उघडी ठेवा. या जंतूला प्राणवायू सोसत नाही. रक्त न पोचणारं मेलेलं मांस आणि वरून हवाबंद झाकण, ही त्याची आवडती जागा. आता लेपाकडे पुन्हा बघा. गोठ्यातलं द्रव्य, मेलेल्या मांसावर, आणि वर वाळून घट्ट बसलेलं झाकण. पूर्वी बाळाच्या नाळेला शेण लावायचे आणि बाळं धनुर्वाताने जायची. धनुर्वाताचा जंतू याच कुळातला.

‘गोमूत्राला अमेरिकेचं पेटंट आहे’ असंही त्यात आहे. मिळालं होतं, 2002 मध्ये, आपल्याच सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेला. ते कशाचं, तर गोमूत्राच्या ऊर्ध्वपातित (उकळून, वाफ थंड करून काढलेल्या) अर्काने प्रतिजैविकांचा परिणाम वाढतो, याचं. म्हणजे बाटलीत प्रतिजैविक हवंच. गोठ्यातला तांब्या थेट जखमेवर ओतायचं पेटंट कुणी घेतलेलं नाही.

हळदीचं मी थोडं ऐकून घेईन. हळदीत जंतूंना रोखणारे गुण प्रयोगशाळेत दिसतात, हे खरं. हात कापला तर मीही लावते. आणि मेसेज हळदीच्या ज्या पेटंटचा दाखला देतो ते खरंच दिलं गेलं होतं: हळदीने जखम भरते म्हणून 1995 मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला. आपले रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. त्यांच्या संस्थेने 32 जुने संदर्भ पुढे ठेवले, त्यात 1953 चा एक भारतीय वैद्यकीय लेखही होता, आणि 1997 मध्ये पेटंट रद्द झालं. का रद्द झालं? हे आपल्याकडे आधीपासून माहीत होतं, नवीन काही नाही, म्हणून. भांडण मालकीचं होतं. त्यात कुणाचा काळा पडलेला अंगठा बरा झाला, असं कुठेही नाही. सुरीने कापलेलं बोट वेगळं, त्याला रक्त पोचतंय. मामासारख्या गँगरीनमध्ये मूळ रोग हाच की रक्त पोचत नाही.

हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा मेसेज आपोआप पडतो. ‘गँगरीन म्हणजे रक्तातलं विष’ असं त्यात म्हटलंय. तसं नाही. धमनी चुन्यासारख्या थराने बुजते, किंवा विडी-तंबाखूने ती आतून सुजून बंद होते (तिशी-चाळिशीतले, शुगर नसलेले, बोटं काळी पडलेले कितीतरी विडीवाले आमच्याकडे येतात), आणि पुढचा भाग उपाशी मरतो. वरून काही चोळून आतली नळी उघडत नाही. बऱ्याचदा ती आधीपासून इशारे देते: थोडं चाललं की पोटरीत गोळे, थांबलं की बरं. रात्री पाय पलंगाखाली लोंबकळत ठेवल्याशिवाय झोप नाही. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या मधल्या रेषेत दोन बोटं ठेवा. तिथे ठोका लागायला हवा. मामाच्या त्या पायाला लागत नव्हता.

आता ‘काळा भाग आपोआप गळून पडला’ हा भाग. मेसेजसोबतच्या व्हिडिओत एक काका अंगठ्याचा थोटका दाखवून सांगतात, लेपाने झालं. ते खोटं बोलत नसावेत. कोरड्या गँगरीनमध्ये जंतू शिरले नाहीत तर मेलेला आणि जिवंत भाग यांच्यामध्ये एक रेघ तयार होते आणि काही आठवड्यांत-महिन्यांत बोट स्वतःच सुटतं. सर्जन कधीकधी मुद्दाम तेवढं थांबतात. लेप लावा, नका लावू, ते बोट सुटणारच होतं. लावला नसता तर काकांना तोरणाचा खर्च वाचला असता. पण ओलं गँगरीन असं वाट बघत नाही. ते वर चढतं, तासांच्या हिशेबाने, आणि वर चढताना रक्तात जंतू सोडतं. त्यांचे व्हिडिओ येत नाहीत.

‘अ‍ॅलोपॅथीत कापण्याशिवाय उपाय नाही.’ मधुमेही पायावर काम करणारा एक आंतरराष्ट्रीय कार्यगट आहे, आयडब्ल्यूजीडीएफ. दर चार वर्षांनी जगभरच्या चाचण्या चाळून मार्गदर्शन काढतो. 2023 चं वाचा. मेलेलं मांस खरवडून काढा, पायावरचा भार काढा, संसर्गाला प्रतिजैविक द्या, आणि रक्तपुरवठा तपासा. पायाच्या बोटातला रक्तदाब 30 च्या खाली असेल तर रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांना तातडीने दाखवा, म्हणजे फुग्याने धमनी उघडता येते का किंवा बायपास करता येतो का ते बघता येईल. आणि हेही त्यातच आहे, मावशी: जखम भरावी म्हणून वनौषधी भिजवलेली ड्रेसिंगं वापरू नका. मधही नको. कारण फायदा सिद्ध होईल अशा दर्जाच्या चाचण्या सापडल्या नाहीत. काही जण म्हणतील, हे परदेशी लोक, त्यांना आपली वनस्पती काय कळणार. मग सुश्रुताचं ऐका. जखमेचे साठ उपक्रम त्याने सांगितलेत, आणि यादीत छेदन, भेदन, लेखन आहे. म्हणजे कापणं, फोडणं, खरवडणं. लेपही आहे, नाकारत नाही. पण ‘आयुर्वेदात कापत नाहीत’ हे म्हणणाऱ्याने तो उघडलेला नाही.

‘डॉक्टर पैशासाठी पाय कापतात.’ इथे मला गप्प बसावं लागतं, थोडा वेळ. डॉप्लर (पायातला रक्तप्रवाह बघणारी तपासणी) न करता, रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांना न दाखवता थेट गुडघ्याखाली कापायचा सल्ला दिलेले रुग्ण मी पाहिलेत. तिथे दुसरं मत घ्या, जरूर घ्या. ते मत दुसऱ्या डॉक्टरचं घ्या, झेंडूचं नको.

‘शुगरच्या गोळ्या बंद करा, शरीर स्वतः बरं होतं’ आणि ‘टिटॅनसचं इंजेक्शन विष आहे’ या शेवटच्या दोन ओळींना उत्तर द्यायचीही माझी तयारी नाही.

मामाची पोटरीखालची धमनी फुग्याने उघडली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं, पाऊल राहिलं. सर्जन म्हणाले, आठवडाभर आधी आला असता तर शेजारचं बोट बहुधा राहिलं असतं. हे मी मामीला सांगितलेलं नाही. मावशीला फोन करून सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, ‘‘मी ग्रुपवरून काढते तो मेसेज.’’ काढला. तोवर चुलत आत्याने तो त्यांच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता.