समोरच्याच्या वकिलाची फी आपणच भरतो, चाळकरी

नमस्कार चाळकरी,

मागच्या लेखात मी म्हटलं होतं की वीजदर ठरताना घरगुती ग्राहकांच्या बाजूने भांडायला पगारी माणसं हवीत, त्यांना सरकारने नेमावं आणि त्यासाठी मुंबईतल्या प्रत्येक बिलामागे महिन्याला एक रुपया घ्यावा. तुम्ही त्यावर प्रतिक्रियेत चांगलंच झोडपलंत. आणखी एक सरकारी खुर्ची, बिलात आणखी एक आकार. वीजग्राहकांचा तक्रार मंच आहे, वर वीज लोकपाल आहे, ग्राहक पंचायत फुकट लढते, मग हा रुपया कशाला? आणि शेवटी, "आम्ही बेस्टवाल्यांनी बसचा तोटा विजेच्या बिलातून भरलाय, आम्हाला एका रुपयाची गोष्ट सांगू नका."

हा शेवटचा टोला वर्मी लागला. शहरात बसही चालवणाऱ्या आणि वीजही पुरवणाऱ्या बेस्टने आपल्या परिवहन विभागाची तूट काही वर्षं वीजग्राहकांकडून वसूल केली, हे खरंच आहे. तुम्ही गिरगावातून ती भरलीत. मी उपनगरातला, दुसऱ्या कंपनीचा ग्राहक, बसमध्ये मात्र रोज बसत होतो! तेव्हा नवीन आकार म्हटल्यावर तुमच्या कपाळाला आठी पडली, तर मी कोण बोलणार?

पण चाळकरी, एका वकिलाचे पैसे तुम्ही आजही भरताय. वीज कंपनी दराची याचिका घेऊन वीज नियामक आयोगाकडे जाते तेव्हा तिचे वकील, सल्लागार, आकडेमोड करणारी माणसं यांचा खर्च 'प्रशासकीय व सर्वसाधारण खर्च' या सदरात मोडतो. हे सदर कंपनीच्या वार्षिक महसुली गरजेचा, म्हणजे वर्षभरात वसूल करायच्या एकूण रकमेचा भाग असतं, आणि ती गरज भागते आपल्या बिलांतून. आयोग त्या खर्चाला निकष लावतो, मागेल तेवढं देत नाही, हेही सांगायला हवं. तरी दर वाढवून मागणाऱ्याची फी आपण भरतो आणि नको म्हणणारा स्वतःच्या खिशातून लोकलचं तिकीट काढून येतो.

असा एक माणूस मी पाहिलाय. काही वर्षांपूर्वी एका दरसुनावणीला गेलो होतो. कंपनीच्या बाजूला लॅपटॉपांची रांग आणि चाकांच्या बॅगेतून ओढत आणलेल्या फायली. आमच्या बाजूला पांढरा सदरा घातलेले एक निवृत्त गृहस्थ. त्यांनी कॅलेंडरचं पान फाडून त्याच्या पाठीवर बॉलपेनने सात मुद्दे लिहून आणले होते. त्यांचा तिसरा मुद्दा असा होता की याचिकेतल्या एका तक्त्याची बेरीज पुढच्या पानावरच्या आकड्याशी जुळत नाही. मी तिथेच मोबाइलवर करून पाहिली, खरंच जुळत नव्हती. उत्तर मिळालं, "लेखी कळवू." त्या लेखी उत्तरावर पुन्हा उलटतपासणी कोण करणार? त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं पुढच्या महिन्यात.

मंच आणि लोकपाल यांचं म्हणाल, तर ती वेगळी खिडकी आहे. माझ्या मीटरवर तीन होते, रीडिंगमध्ये आठ लागले. फोटो दाखवला, मंचात बिल दुरुस्त झालं. उत्तम. पण मुळात युनिटचा दर किती, स्थिर आकार किती, कंपनीला भांडवलावर परतावा किती, हे मंचात ठरत नाही. ते ठरतं वीज नियामक आयोगापुढे.

तिथे ग्राहकाला जागाच नाही असं नाही. 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 94(3) नुसार आयोग ग्राहकांच्या वतीने बोलायला कुणालाही अधिकृत करू शकतो. महाराष्ट्रात आयोगाने मुंबई ग्राहक पंचायत, पुण्याची प्रयास ही अभ्याससंस्था, ठाणे-बेलापूर आणि विदर्भातल्या उद्योजकांच्या संघटना अशा चौघांना तो मान दिला. चारातल्या दोन उद्योगांच्या! त्यात गैर काही नाही, कारखानदारही ग्राहकच. पण घरगुती दर कमी ठेवायचे तर कुणाचे तरी वाढतात, आणि ते आपले कशाला, हे सांगायला कारखानदाराकडे पगारी माणूस असतो. ग्राहक पंचायत 1975 पासून उभी आहे ती मुख्यतः कार्यकर्त्यांच्या जिवावर. तुम्ही त्याला 'फुकट' म्हणता. कुणीतरी रजा टाकतं, कुणीतरी रात्री जागून याचिका वाचतं, चाळकरी.

अमेरिकेतल्या मेरिलँडमध्ये 1924 पासून 'पीपल्स काउन्सेल', म्हणजे ग्राहकांच्या बाजूने लढणारं सरकारी कार्यालय आहे. त्याचा खर्च कंपन्यांवरच्या आकारणीतून निघतो. इलिनॉयमध्ये 1983 साली कायद्याने नागरिकांचं मंडळ काढलं, ते चालतं सभासदांच्या वर्गणीवर. कॅलिफोर्नियातला किस्सा तर फर्मास आहे. बिलाच्या पाकिटात, टपालखर्च न वाढता, जेवढी जागा उरते ती ग्राहकांची, असं म्हणून तिथल्या आयोगाने ग्राहक संघटनेचं पत्रक त्या पाकिटात घालू दिलं. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 1986 साली जिंकली: आमच्या पाकिटात आमच्याविरुद्धचं पत्रक घालायला लावणं म्हणजे आमच्या भाषणस्वातंत्र्यावर घाला. पाकिटाचे पैसे कुणाच्या बिलातून येत होते, ते सांगायला नकोच.

आता जिथे तुमचं पटलं ते. सरकारी नेमणूक मी मागे घेतो. बेस्ट महापालिकेची, महावितरण राज्य सरकारची. त्याच सरकारने नेमलेला वकील त्यांच्याविरुद्ध किती तोंड उघडेल? त्यापेक्षा कॅलिफोर्नियाचीच दुसरी पद्धत बरी: आधी बाजू मांडा, तुमच्या म्हणण्याने आयोगाच्या निकालात खरोखर भर पडली असेल तरच वकिलाची आणि तज्ज्ञाची फी मिळेल. खुर्ची नाही, शिपाई नाही, गाडी नाही. हातावर पोट असलेल्या संस्थेला निकालापर्यंत दम कसा धरवणार, हा यातला तिढा. म्हणून थोडी उचल आधी द्यावी, असं माझं मत.

आणि रुपया. अदानीचे ग्राहक तीस लाखांच्या वर, बेस्टचे दहा लाखांच्या आसपास. टाटा आणि मुलुंड-भांडुपची महावितरण सोडून दिली तरी चाळीस लाख बिलं धरा: वर्षाला 4 कोटी 80 लाख. खरं तर एवढे लागणारही नाहीत, चार आणे पुरावेत. मात्र हे पैसे वेगळ्या खात्यात, हिशेब दरवर्षी आयोगाच्या संकेतस्थळावर, आणि घरगुती बिलावरचं ते 16 टक्के वीज शुल्क या रुपयावर लागता कामा नये. ही शेवटची अट मी तुमच्या धास्तीपायी घालतोय.

तुम्ही लिहिलंय की बसच्या तोट्याच्या काळातली सगळी बिलं माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहेत. उंदरांनी ठेवली असतील तर त्यांचे फोटो पाठवा. नाव-पत्ता झाकून. महिन्याला नेमके किती गेले, ते बेरीज करून इथेच टाकतो.