डोळ्यांसमोरचा फोल्डर मॅक्रोला दिसत नाही म्हणे!

फोल्डर समोर आहे. आउटलुकच्या डाव्या पट्टीत, ऑर्डरींच्या शेअर्ड, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या, मेलबॉक्समध्ये, इनबॉक्सच्या खाली ‘डीलर प्रलंबित’. क्लिक केलं की उघडतो. मेल वाचता येतात, उत्तर देता येतं, मनात आणलं तर सगळे उडवताही येतील. आणि अ‍ॅक्सेसमधून मॅक्रोने (अ‍ॅक्सेस म्हणजे मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस, मॅक्रो म्हणजे त्यात आपण लिहिलेला छोटा प्रोग्राम) तोच फोल्डर मागितला की उत्तर काय, तर ऑब्जेक्ट सापडलं नाही. एरर नंबर उणे २१४७२२१२३३. अरे, सापडलं नाही म्हणजे काय? मी बघतेय ना त्याच्याकडे!

बरं, मागणी काय अशी जगावेगळी आहे? डीलर मेलवर ऑर्डर पाठवतात. त्या मेलमधली तारीख, विषय, पाठवणाऱ्याचा पत्ता एवढंच उचलून टेबलात टाकायचंय. स्वतःच्या इनबॉक्ससाठी हे पोरखेळ आहे. गेटडिफॉल्टफोल्डर ही आज्ञा, कंसात इनबॉक्सचा नंबर ६, विषय संपला. शेअर्डसाठी तीन आज्ञा, आधी क्रिएटरेसिपियंट, मग रिझॉल्व्ह, मग गेटशेअर्डडिफॉल्टफोल्डर. इथवर इनबॉक्स मुकाट हातात येतो आणि माणसाला वाटतं, झालं काम. मग त्याच्या पोटातला फोल्डर मागा. ठणठण गोपाळ.

सगळ्यात डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे हा एरर कारण सांगतच नाही. सरकारी कचेरीतल्या ‘साहेब जागेवर नाहीत’सारखा आहे तो, कशालाही चालतो. फोल्डरचं नाव चुकलं, हाच. परवानगी नाही, हाच. कॅश्ड मोडमध्ये (मेलची प्रत आपल्याच मशीनवर ठेवायची पद्धत) ‘डाउनलोड शेअर्ड फोल्डर्स’ची खूण चालू आहे आणि त्यामुळे या वाटेने गेलं की खालचे फोल्डर मिळत नाहीत, तरी हाच. ती खूण कुठे असते? अकाउंट सेटिंग्जमध्ये, चेंज, मोअर सेटिंग्ज, मग अ‍ॅडव्हान्स्ड. इतकं आत शिरल्यावर ती काढायची, आउटलुक बंद करून परत उघडायचं, आणि फोल्डर हजर! हे एरर मेसेजमध्ये एका ओळीत लिहायला काय शाई लागत होती?

बरं, ती खूण काढली की तो मेलबॉक्स दर वेळी थेट सर्व्हरवरून वाचला जातो आणि आउटलुक रांगायला लागतं. मग शेजारचे ओरडतात. खूण परत घाला. मॅक्रो परत आंधळा.

दुसरी वाट आहे. मेलबॉक्स आउटलुकच्या प्रोफाइलमध्येच (खात्यांच्या यादीत) जोडलेला असेल तर गेटशेअर्ड वगैरेच्या नादी लागायचं नाही, सरळ त्याच्या नावाने हाक मारायची आणि एकेक पायरी खाली उतरायचं. चालतं. झकास चालतं. मग एके दिवशी वरून कुणाला तरी वाटतं की सगळ्या मेलबॉक्सची नावं एकसारखी हवीत. डिस्प्ले नेममध्ये, म्हणजे दिसणाऱ्या नावात, शहराचं नाव घुसतं, आणि मॅक्रो सकाळी सकाळी गतप्राण. कुणी सांगितलंय का आधी? छे! आपण कळायचं, एररवरून. तोच एरर.

परवानग्यांची तर वेगळीच तऱ्हा. इनबॉक्सवर परवानगी दिली म्हणजे त्याच्या खालच्या जुन्या फोल्डरांवर ती आपोआप उतरत नाही. नंतर बनवलेल्या फोल्डरांना मिळते, आधीपासून असलेल्यांना एकेक करून द्यावी लागते. हे मी आयटीला समजावते, आयटी मला नाही. तिथून उत्तर येतं, ‘मॅडम, तुम्हाला दिसतोय ना फोल्डर? मग परमिशन आहे.’ अरे बाळा, मला आहे, ज्या मुलीच्या मशीनवर मॅक्रो चालायचाय तिला नाही. ‘आउटलुक रिस्टार्ट करून बघितलं का?’ टिकीट, म्हणजे माझी तक्रार, बंद.

समजा या सगळ्यातून पार पडलात, तर पुढे तारीख दबा धरून बसलीय. आउटलुकच्या रिस्ट्रिक्टला (मेल गाळून घ्यायची आज्ञा) तारीख विंडोजच्या सेटिंगप्रमाणे लागते, म्हणजे आपल्याकडे दिवस आधी, आणि वर सेकंद चालत नाहीत. अ‍ॅक्सेसच्या एसक्यूएलला (टेबलांशी बोलायची भाषा) मात्र दोन हॅशच्या मध्ये अमेरिकन पद्धत, महिना आधी. एकाच मॅक्रोत, दहा ओळींच्या अंतरावर, तारखेच्या दोन जाती! फॉर्मॅट न करता चिकटवलीत तर ५ मार्चची ऑर्डर टेबलात ३ मेची होऊन बसते. एरर? अजिबात नाही. उलट १३ मार्चची बरोबर जाते, कारण तेरावा महिना नसतो हे अ‍ॅक्सेसला कळतं आणि ते गुपचूप उलटं वाचतं. त्यामुळे महिन्याचे पहिले बारा दिवस खोटे (३ मार्चसारखा दिवस-महिना सारखाच असलेला तेवढा सोडून) आणि उरलेले खरे. साहेबांना रिपोर्टमध्ये मार्चच्या ऑर्डरी कमी दिसतात आणि विचारलं कुणाला जातं? एमआयएसला, म्हणजे रिपोर्ट काढणाऱ्या आम्हाला.

पाठवणाऱ्याचा पत्ता मागा, तर बाहेरच्याचा सरळ मिळतो आणि आपल्याच कंपनीतल्या माणसाचा ‘ओ बरोबर एक्सचेंजलॅब्ज, ओयू बरोबर’ अशी मेल सर्व्हरच्या आतल्या पत्त्याची हातभर लांब आरती. खरा ईमेल हवा असेल तर सेंडर, त्याचा गेटएक्सचेंजयुजर, त्याचा प्रायमरी एसएमटीपी. आणि व्हेरिएबल मेलआयटेम (फक्त मेल) म्हणून जाहीर केलंत नि इनबॉक्समध्ये कुणाचं तरी मीटिंगचं आमंत्रण पडलेलं असलं, की टाइप मिसमॅच, १३ नंबर, रात्रभराची रन तिथेच आडवी. ऑर्डरींच्या मेलबॉक्सला मीटिंगला बोलावणारा हा महाभाग कोण आहे, ते मला एकदा कळू दे.

एवढं सगळं सांभाळून गाडी जरा रुळावर आली, तर आता नवं आउटलुक. त्यात कॉम ऑटोमेशन (एका प्रोग्रामने दुसरा चालवायची सोय) नाहीच. म्हणजे अ‍ॅक्सेसने हाक मारायची कुणाला? जुनं, आता ज्याला क्लासिक म्हणायचं ते, किमान २०२९ पर्यंत चालवू असं मायक्रोसॉफ्टने म्हटलंय, म्हणजे तोवर श्वास घ्यायला परवानगी. पण वरच्या कोपऱ्यात ते ‘ट्राय द न्यू आउटलुक’चं बटण आहे ना, ते आमच्या मजल्यावर रोज कुणी ना कुणी दाबतंच.

आयटी म्हणते, मॅक्रो सोडा, ग्राफ एपीआय (मेल थेट मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून मागायचा रस्ता) वापरा, आता तेच भविष्य आहे. चांगली गोष्ट आहे, वापरते. त्यासाठी अ‍ॅप रजिस्टर करावं लागतं आणि अ‍ॅडमिनची संमती लागते. अ‍ॅडमिन कोण? आयटी. मी विनंती टाकली. उत्तर आलं, सुरक्षा धोरणानुसार मेल वाचणाऱ्या अ‍ॅपला मंजुरी देता येणार नाही, कृपया पर्यायी मार्ग वापरावा.

पर्यायी मार्ग कुठला, असं उलट विचारलंय. टिकीट बंद केलंय त्यांनी. ‘रिझॉल्व्ह्ड’ लिहून! आणि खाली पाच चांदण्या देऊन आमच्या सेवेबद्दल अभिप्राय द्या म्हणतायत.