‘३ एचपी, १०० लिटर’ : कॉम्प्रेसरच्या त्या मेसेजला उत्तर

सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्याचा मथितार्थ असा : कॉम्प्रेसरशिवाय (हवा दाबून टाकीत भरणारं मशिन) घरी गाडीचं डिटेलिंग, म्हणजे बारकाईने सफाई आणि चकाकी, होत नाही. घ्यायचा तर किमान ३ एचपीचा, १०० लिटर टाकीचा. टाकी मोठी तेवढी हवा जास्त. प्रेशर ८ बारच्या (बार हे दाबाचं माप, १ बार म्हणजे साधारण वातावरणाचा दाब) खाली उतरू द्यायचं नाही. ऑइल-फ्री (पंपात तेल न लागणारं) मशिन म्हणजे खेळणं. आणि हवा कोरडीच असते, फिल्टरवर पैसे घालवू नका. हा मेसेज घेऊन कुणी पुण्याच्या बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या बाजारात गेलं तर दुकानदार कशाला नाही म्हणेल?

पहिलं वाक्य लगेच निकालात काढता येतं. धुणं, क्ले बार (रंगावरचा चिकटलेला मळ ओढून काढणारी मऊ वडी) फिरवणं, पॉलिश, सिरॅमिक कोटिंग ही डिटेलिंगची मुख्य कामं. पॉलिशर विजेवर चालतो, कोटिंग हाताने लावतात. यात कॉम्प्रेसर कुठेच नाही. आरसे, दारांच्या फटी, नंबरप्लेटमागे अडकलेलं पाणी उडवायला पाचसहाशे वॉटचा हातातला ब्लोअर पुरतो. कॉम्प्रेसर लागतो तो आतल्या सफाईच्या गनला, सीटच्या रुळांत आणि डॅशबोर्डच्या खाचांत हवा मारायला. हे काम तुम्ही खरंच करणार असाल तरच पुढचं वाचा.

आता टाकी. मेसेजमधली सगळ्यात महाग पडणारी चूक हीच आहे. टाकी हवा तयार करत नाही, साठवते. ८ बारवरून ५ बारपर्यंत उतरताना २४ लिटरची टाकी ७२ लिटर मोकळी (बाहेरच्या साध्या दाबाची) हवा देते, १०० लिटरची ३०० लिटर. २ मिलिमीटर तोंडाची साधी ब्लो गन ६ बारला मिनिटाला दोनशे लिटरच्या वर हवा खाते. पंपाची मदत धरली नाही तर लहान टाकी वीस-बावीस सेकंदांत ५ बारवर उतरते, मोठी दीड मिनिटात. त्यानंतर गन चालते ती पंप मिनिटाला किती हवा भरतोय यावर. मिनिटाला १०० लिटर देणारा पंप त्या मोठ्या टाकीला जोडला, तर टाकी पुन्हा भरेपर्यंत गन खाली ठेवून तीन मिनिटं बसायचं.

म्हणून दुकानात विचारायचा आकडा सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा याचा. १ सीएफएम म्हणजे मिनिटाला २८.३ लिटर. यातही गोम आहे. मशिनच्या पाटीवर बहुतेकदा पिस्टन डिस्प्लेसमेंट (पिस्टन हिशेबाने जेवढी हवा सरकवतो ती) छापलेलं असतं, म्हणजे कागदावरची हवा. प्रत्यक्ष बाहेर पडते ती एफएडी (फ्री एअर डिलिव्हरी), आणि ती छोट्या मशिनमध्ये कागदावरच्या हवेपेक्षा पाव ते एक तृतीयांशाने, कधी त्याहूनही जास्त, कमी भरते. ढोबळ पडताळा असा : ७ बारला एका एचपीमागे ३ ते ४ सीएफएमच्या पुढे खरी हवा मिळत नाही. दीड एचपीच्या मशिनवर कुणी १० सीएफएम सांगत असेल तर ती कागदावरचीच. सफाईच्या गनच्या खोक्यावर तिची गरज लिहिलेली असते. एफएडी त्याहून थोडी जास्त हवी, एवढाच हिशेब. टाकी मग २४ ची असो की ५० ची.

‘८ बारच्या खाली उतरू देऊ नका’ हे तर मशिनलाच मान्य नाही. ८ बारला मोटर बंद करणारा प्रेशर स्विच ती पुन्हा चालू करतो तो साधारण ५-६ बारला. शिवाय गाडीच्या आत ८ बार हवेत कुणाला? एसीच्या व्हेंटची पाती निखळतील, स्टिकर उचलले जातील, आणि धूळ सगळी तुमच्या नाकात. रेग्युलेटर ३ बारवर ठेवा. गनमधून जाणारी हवा निरपेक्ष दाबाच्या (गेजवरचा आकडा अधिक वातावरणाचा १ बार) प्रमाणात असते, म्हणजे ८ ला ९ भाग, तर ३ ला ४ भाग. हवेचा खर्च निम्म्याहून खाली येतो आणि लहान मशिनही पुरतं.

ऑइल-फ्रीबद्दल मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे. रोज आठ तास राबणाऱ्या गॅरेजला तेलाचं, बेल्टवालंच मशिन हवं, ऑइल-फ्रीच्या रिंगा तिथे लवकर झिजतील. पण घरी महिन्यातून दोनदा? तेलाच्या मशिनमधून हवेबरोबर तेलाचे सूक्ष्म कण येतात. कोटिंगच्या आधी आपण अल्कोहोलने पत्रा पुसून तेलकटपणा काढतो आणि मग त्याच पत्र्यावर तेलकट हवा मारतो, याला काय म्हणावं? आवाजाचंही बघा. थेट मोटरला जोडलेलं, मिनिटाला २८०० फेऱ्यांचं मशिन पार्किंगमध्ये घुमतं. १४४० फेऱ्यांचं ऑइल-फ्री त्यामानाने बरंच शांत. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल ही २००० सालच्या ध्वनिनियमांतली मर्यादा आहे, आणि वरच्या मजल्यावरच्या काकांना ती पाठ असते.

‘हवा कोरडीच असते’ हे लिहिणाऱ्याने पुण्याचा जुलै पाहिलेला नसावा. २८ अंशांना, ८० टक्के आर्द्रतेत एका घनमीटर हवेत साधारण २२ ग्रॅम बाष्प असतं. ८ बारपर्यंत दाबून ती हवा पुन्हा थंड झाली की त्यातलं जेमतेम ३ ग्रॅम बाष्परूपात टिकतं, उरलेलं पाणी होतं. मिनिटाला १०० लिटरच्या पंपाने तासभर काम केलं तर शंभर मिलिलिटरच्या वर पाणी. काही टाकीच्या तळाला साचून तिला आतून गंजवतं, काही गनमधून सीटवर उडतं. काम झालं की हवा सोडून ड्रेन कॉक (टाकीच्या तळाचा पाणी सोडायचा नळ) उघडायचा, आणि पाणी पकडणारा फिल्टर जमेल तितका गनजवळ लावायचा, कारण पाइपात हवा आणखी थंड होते.

राहता राहिला ३ एचपी. एवढी मोटर सिंगल फेजवर १५ अँपियरच्या आसपास ओढते, म्हणजे १६ अँपियरच्या पॉइंटवर अगदी काठावर, आणि सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. एमसीबी पडायची शक्यता मोठी. दीड-दोन एचपीलाही खरा धोका वायरचा. पार्किंगमध्ये पॉइंट नसतो म्हणून लोक दुसऱ्या मजल्यावरून एक्स्टेन्शन सोडतात. १ चौरस मिलिमीटरच्या ३० मीटर तांब्याच्या वायरीत, सुरू होताना ४० अँपियर ओढले गेले तर चाळीसच्या वर व्होल्ट वाटेतच जातात. मोटर गुरगुरते, फिरत नाही, तापते. अडीच चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर तोच तोटा १८ व्होल्टवर येतो. त्याहून बरं म्हणजे मशिन पॉइंटजवळ ठेवून हवेचा पाइप लांबवा. ८ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या १५ मीटर पाइपात, मिनिटाला २०० लिटर हवा जात असतानाही ६ बारमधला फार तर पाव बार कमी होतो.