माउंटवर कंजुषी नको

चित्रांचे प्रिंट घेऊन फ्रेम करण्यावरच्या तुमच्या लेखातलं ‘पैसे फ्रेमच्या लाकडावर घाला, माउंट म्हणजे निव्वळ शोभा’ हे वाक्य अजिबात पटलं नाही. माउंटमुळे, म्हणजे चित्राभोवती काचेखाली बसणाऱ्या पुठ्ठ्याच्या चौकटीमुळे, चित्र आणि काच यांच्यात फट राहते. ती नसेल तर पावसाळ्यात दमट हवेनं कागद काचेला चिकटतो आणि सोडवायला गेलं की शाई काचेवरच राहते. शिवाय माउंट स्वस्तातला असेल तर त्यातलं आम्ल कागदात उतरतं, चित्राच्या कडेनं तपकिरी रेघ उमटते. लाकूड साधं चालेल, पण माउंट आणि मागचा पुठ्ठा ॲसिड-फ्रीच मागा. पाठीमागे सरळ हार्डबोर्ड ठोकून देणारे आमच्या लातुरात पुष्कळ आहेत, समोर उभं राहून सांगावं लागतं.

आणि उन्हाचा तर उल्लेखच नाही! मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४०च्या वर जातो हे खरं, पण रंग उडतात ते मुख्यतः उजेडानं. माझ्या नणंदेनं संभाजीनगरच्या घरी अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यातला पद्मपाणी बोधिसत्त्व पश्चिमेच्या खिडकीसमोर लावलाय. डाय शाईचा, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या, लवकर उडणाऱ्या शाईचा प्रिंट. लाल छटा आधी गेली, आता बोधिसत्त्वाला कावीळ झाल्यासारखी दिसते. लेण्यात फ्लॅश मारू देत नाहीत आणि घरी त्याच चित्रावर रोज दुपारभर ऊन. घेताना पिगमेंट शाई (बारीक रंगकणांची, जास्त टिकणारी) आहे का, कागद कॉटन रॅग (कापसाच्या तंतूंचा) आहे का, काच अतिनील किरण अडवणारी मिळेल का, हे विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही, तर पोस्टरपेक्षा जास्त भाव देऊ नका.