‘दुसरी पृथ्वी सापडली’ म्हणे!

‘नासाला दुसरी पृथ्वी सापडली. आकार आपल्याएवढा, वर्ष ३८५ दिवसांचं, पाणीही आहे. इथलं बिघडलं तर माणूस तिकडे राहायला जाऊ शकतो.’ केप्लर-४५२बी या ग्रहाची घोषणा झाली २०१५ साली. तेव्हापासून अशा अर्थाचा मजकूर निळ्या समुद्राच्या सुंदर चित्रासह फिरतो आहे. त्यातले ३८५ दिवस तेवढे खरे.

आधी ते चित्र. तो फोटो नव्हे, चित्रकाराची कल्पना आहे. हा ग्रह कोणी पाहिलेलाच नाही. तो ज्या ताऱ्याभोवती फिरतो त्याचा उजेड ठरावीक काळाने किंचित मंदावतो, हे केप्लर या अवकाश दुर्बिणीने टिपलं. त्यावरून समोरून ग्रह जातो हे कळलं. या पद्धतीतून हाती लागतो तो ग्रहाचा व्यास आणि त्याचं वर्ष. हवा, ढग, समुद्र यांचा पत्ता लागत नाही.

‘आपल्याएवढा’ म्हणावं, तर व्यास पृथ्वीच्या सुमारे १.६ पट आहे. वस्तुमान मोजलेलंच नाही, त्यामुळे पाय टेकायला तिथे जमीन आहे की नुसता वायूचा जाड थर, हेही ठरलेलं नाही.

‘पाणी आहे’ हे कुठून आलं? हा ग्रह ‘जीवयोग्य पट्ट्यात’ आहे, यावरून. हा शब्दच घोटाळा करतो. ताऱ्यापासूनचं अंतर असं, की बाकी सगळं जुळलं तर पाणी द्रवरूपात राहू शकेल, एवढाच त्याचा अर्थ. शुक्र आकाराने आणि वस्तुमानाने पृथ्वीच्या बराच जवळचा. दुरून पाहणारा त्यालाही ‘दुसरी पृथ्वी’ म्हणेल. प्रत्यक्षात तिथे ४६० अंश सेल्सिअस तापमान आणि आपल्या नव्वदपट हवेचा दाब. आणि शुक्र कशाला, खुद्द पृथ्वीच घ्या. जन्मानंतर दोन अब्ज वर्षं तिच्या हवेत ऑक्सिजन जवळपास नव्हता. पाणी होतं, जीवाणूही होते. आपण मात्र मिनिटांत गुदमरलो असतो.

आता प्रवास. केप्लर-४५२बी हजाराहून अधिक प्रकाशवर्षं दूर आहे, तो राहू द्या. सूर्यमालेबाहेरचा आपल्याला सर्वांत जवळचा ग्रह, प्रॉक्झिमा सेंटॉरी बी घेऊ: ४.२४ प्रकाशवर्षं. सेकंदाला १७ किलोमीटर धावणाऱ्या व्हॉयेजर-१ यानाला एवढं अंतर कापायला सुमारे ७५,००० वर्षं लागतील.

‘तंत्रज्ञान सुधारेल की!’ सुधारेल, पण हिशेब सुटत नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाएवढं, म्हणजे सुमारे ४२० टनांचं यान प्रकाशाच्या दहा टक्के वेगाला न्यायचं, तर जगाच्या वर्षभराच्या ऊर्जावापराच्या साधारण एक तृतीयांश ऊर्जा लागेल. तिथे पोहोचून थांबायचं असेल तर तेवढीच पुन्हा. इंधनाचं स्वतःचं वजन यात धरलेलंच नाही.

मग शेवटचा पत्ता टाकला जातो: पिढ्यानपिढ्या चालणारं यान. पण शेकडो वर्षं माणसं जगवणारी बंद पेटी बांधता आली, तर पलीकडच्या ग्रहाची गरजच काय? आणि ती पेटी सोपी नाही. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनात ‘बायोस्फिअर-२’ या काचेच्या बंद वास्तूत आठ जण दोन वर्षांसाठी राहायला गेले. मातीतल्या सूक्ष्मजीवांनी ऑक्सिजन खाल्ला आणि त्याचं प्रमाण २०.९ टक्क्यांवरून १४.५ च्या आसपास उतरलं. शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. भिंतीपलीकडे पृथ्वी होती, म्हणून ते जमलं.