नक्षत्रं सरकली नाहीत काकाजी, तिफन काढा

आमच्या काकाजींच्या मोबाइलवर आठ दिवसांपूर्वी एक मेसेज आला आणि सोयाबीनच्या बियाण्याच्या चार थैल्या ओसरीतच पडून राहिल्या. दोन दमदार पाऊस झाले होते, वाफसा आला होता, धुऱ्यापलीकडच्या वावरात तिफन फिरत होती, आणि काकाजी बाजेवर बसून मला सांगत होते, "काऊन घाई करतं बाबू? नक्षत्रच सरकले म्हन्ते. मिरग आता पाच जुलैले लागते."

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा: नासाच्या 'गैया' उपग्रहाने २०० कोटी तारे मोजले, ते सगळे जागचे हलले आहेत, म्हणून नक्षत्रं महिनाभर पुढे गेली. खरा मृग ५ जुलैला, त्याआधी पेरलेलं उगवणार नाही. पृथ्वीजवळ ३३ सूर्यांएवढं कृष्णविवर सापडलंय, ते ढग ओढून घेतं. हे फुटू नये म्हणून मार्च २०२५ मध्ये उपग्रह बंद केला. शेवटी 'नवीन गैया पंचांग' ४९९ रुपयांत, आणि दहा शेतकरी बांधवांना पाठवा. काकाजींनी चाळीस जणांना पाठवला. मला दोनदा.

गैया नासाची नाही, युरोपीय अवकाश संस्थेची. ते सोडून देऊ, कारण खरी घाण पुढे आहे.

तारे हलतात हे खरं. गैयाचं कामच ते मोजायचं होतं. १९ डिसेंबर २०१३ ला ती उडाली, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर जाऊन दर सहा तासांना स्वतःभोवती एक गिरकी घेत अकरा वर्षं आकाश न्याहाळत राहिली. तिची नजर इतकी बारीक की हजार किलोमीटरवरच्या केसाची जाडी कळावी. म्हणजे केस दिल्लीच्याही पलीकडे आणि बघणारा नागपुरात. आता जे हलणं दिसायला असली नजर लागते, ते हलणं महिनाभराचं कसं असेल, हा प्रश्न चाळीसपैकी एकालाही पडला नाही.

रोहिणीचंच घ्या. हा तारा आकाशात वर्षाला विकलेच्या पाचव्या हिश्श्याएवढा सरकतो (अंशाचे साठ भाग म्हणजे कला, कलेचे साठ भाग म्हणजे विकला). पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढं अंतर कापायला त्याला नऊ हजार वर्षं लागतील. एक नक्षत्र म्हणजे १३ अंश २० कला. तेवढं ओलांडायचं तर दोन लाख चाळीस हजार वर्षं. आणि गंमत अशी की रोहिणी गैयाने मोजलेलीच नाही! तिची यंत्रणा अंधुक ताऱ्यांसाठी केलेली, फार तेजस्वी तारा समोर आला की तिचे डोळे दिपतात. त्यामुळे रोहिणी आणि आर्द्रा, ज्यांच्या नावावर आपला अर्धा हंगाम चालतो, ते दोन्ही तारे २०२२ साली जाहीर झालेल्या तिच्या १८० कोटींच्या यादीत नाहीत. रोहिणीचा वेग आधीच्या 'हिपार्कस' उपग्रहाने १९८९ ते १९९३ मध्ये मोजला होता. तेव्हा कोणी पंचांग विकलं नाही.

काकाजींना मी वेगळं विचारलं. हिवाळ्यात लाइन रात्रीची असते, तुम्ही हरभऱ्याले ओलित करायला जाता, मृगातला तीन ताऱ्यांचा बाण तुम्ही चाळीस वर्षं पाहता. तो हलला का? म्हणाले, "तो नाई हालला. पन बाकीचे हालले असतीन."

आता अर्धी गोष्ट मला कबूल करावी लागते, आणि ती करताना जिवावर येतं. मृगाची तारीख, म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात शिरतो तो दिवस, ऋतूच्या मानाने खरंच पुढे सरकते. पण त्यात ताऱ्यांचा दोष नाही. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, एक डुलणी सुमारे २६ हजार वर्षांची, त्यामुळे साधारण ७२ वर्षांत एक दिवसाचा फरक पडतो. हे समजायला युरोपचा उपग्रह लागत नाही. सहाव्या शतकात ज्योतिषी वराहमिहिराने आपल्या बृहत्संहिता या ग्रंथात लिहून ठेवलंय की दक्षिणायन पूर्वी आश्लेषेच्या मध्यावर सुरू होत असे, आता कर्केच्या आरंभी होतं. म्हणजे पुनर्वसूत. हल्ली दक्षिणायन सुरू होतं तेव्हा, म्हणजे २१ जूनला, सूर्य आर्द्रेच्या उंबरठ्यावर असतो. आश्लेषा, पुनर्वसू, आर्द्रा: आपलाच माणूस, आपलाच हिशेब, आणि तो आपण विसरलो म्हणून ४९९ रुपयांत परत विकत घ्यायचा!

तर ७-८ जूनचा मृग ५ जुलैला जायला किती काळ लागेल? सत्तावीस-अठ्ठावीस दिवस, गुणिले ७२. दोन हजार वर्षं. काकाजींच्या आजोबांच्या आजोबांचा मिरग आणि काकाजींचा मिरग यांत दीड-दोन दिवसांचा फरक असेल.

बरं, मृग कधीही लागो, बी उगवतं ते ओलीवर. कृषी विभाग दर वर्षी घसा कोरडा करून सांगतो: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. ही ओल वावरात असताना थांबणं आणि ती नसताना धूळपेरणी करून दुबार पेरणीला तोंड देणं, दोन्हीत मरण शेतकऱ्याचंच. सोयाबीन जुलैच्या मध्यापुढे गेलं की उतारा घटतो. मेसेज लिहिणाऱ्याच्या घरी उधारीची थैली नाही, म्हणून त्याला तारीख फेकायला काय जातं.

कृष्णविवर मात्र खरं आहे. एप्रिल २०२४ मध्ये गैयाच्या माहितीतून सापडलं, सूर्याच्या ३३ पट वस्तुमानाचं, गरुड तारकासमूहात. एक तारा त्याच्याभोवती साडेअकरा वर्षांत फेरी घालतो, त्या ताऱ्याच्या डुलण्यावरून पत्ता लागला. 'जवळ' म्हणजे सुमारे २,००० प्रकाशवर्षं. त्याची ओढ मी वहीत मांडून पाहिली. तुमच्यापासून दोन मीटरवर बांधलेला चारशे किलोचा बैल तुम्हाला त्याहून पन्नास कोटी पट जोरात ओढतो. बैलाने आजवर कोणाचा पाऊस पळवल्याचं ऐकलं नाही.

आणि गैया लपवायला बंद केली नाही. तिला नेमकं रोखून धरणारा थंड वायू संपत आला, जानेवारी २०२५ ला निरीक्षणं थांबली, मार्चमध्ये तिला निवृत्त केलं. जाहीर झालेली माहिती सगळी फुकट उघडी आहे, पुढचा मोठा साठा डिसेंबर २०२६ मध्ये द्यायचं ठरलंय. लपवायचंच असतं तर २०१८ मध्ये हे जगभर कशाला सांगितलं असतं की सुमारे दहा अब्ज वर्षांपूर्वी आपल्या आकाशगंगेने एक अख्खी छोटी दीर्घिका गिळली आणि तिचे तारे आजही उलट्यासुलट्या वाटांनी फिरताना ओळखू येतात? या बातमीचा मेसेज मात्र काकाजींना कोणी पाठवला नाही.

राहिलं पंचांग. शेजारच्या गावात एकाने मागवलंय, काल त्याच्याकडे जाऊन पाहिलं. मुखपृष्ठावर उपग्रहाचं रंगीत चित्र. आत जूनचं पान उघडलं. ८ तारखेच्या खाली बारीक अक्षरात छापलंय: सूर्य मृगशीर्ष नक्षत्रात.

फोटो काढून काकाजींना पाठवला. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. सकाळी तिफन अंगणात काढलेली दिसली.