टर्कीचा पंचनामा

आज बुधवार. शुक्रवारपासून सलग सहावा दिवस मी टर्की खातोय. एकटा.

थँक्सगिव्हिंगला, म्हणजे अमेरिकेत टर्की पक्षी भाजून खायच्या सणाला, आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या घरी चौदा माणसं होती आणि चौदा पौंडांची टर्की. माणशी एक पौंड, हिशोब चोख. फक्त खाणारा मी एकटाच निघालो. बायकोचा मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. (हा सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारीच, असा कायदा अमेरिकेच्या काँग्रेसने १९४१ साली केला. आमच्या घरातलं कुणी त्यांना भेटलं नसावं.) मुलगी कॉलेजात गेल्यापासून शाकाहारी. मुलाला मॅक अँड चीज. आणि भाऊ येतानाच मटणाचं पातेलं घेऊन आला. "टर्की म्हणजे कापूस रे नुसता!"

"फुकट मिळाली म्हणून आणलीस," ही बायको. चारशे डॉलरच्या किराण्यावर टर्की फुकट होती, आणि त्यासाठी मी महिनाभर नको तेवढे टिश्यूचे गठ्ठे आणले, हे कबूल. पण ती फ्रीजमध्ये वितळायला तीन दिवस लागतात. तेवढे दिवस इडलीचं पीठ बाहेर काकडत होतं, त्याचीही बोलणी मीच खाल्ली.

ओव्हनपाशी मला सोबत होती ती भावाच्या सासऱ्यांची. नगरचे निवृत्त तलाठी. माळकरी माणूस, अंडंही चालत नाही, पण खुर्ची ओढून ओव्हनच्या काचेसमोर बसले आणि खिशातून डायरी काढली.

"वजन?"

"चौदा पौंड."

"किलोत बोला."

"सव्वासहाच्या वर."

"नर का मादी?"

"लेबलवर नव्हतं."

"म्हणजे नोंद नाही." त्यांनी खरोखर लिहून घेतलं. मी मांडीत थर्मामीटर खुपसला.

"ताप किती?"

"एकशे अडतीस. एकशे पासष्टला काढायची."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो, एकशे आठला माणूस जातो!"

"काका, ती आधीच गेलीय."

"मग ताप कशाला बघताय?"

मी ओव्हनचं दार लावून घेतलं.

"मराठीत काय म्हणतात हिला?"

इथे मी शहाणपणा केला. म्हटलं, पोर्तुगीज लोक हिला पेरू म्हणतात. एवढ्यावर थांबावं ना? पण कुणीतरी ऐकतंय या आनंदात पुढे सांगितलं, की १६१२ साली गोव्याहून जहांगीर बादशहाकडे असला पक्षी नेला होता आणि दरबारातल्या मन्सूरने त्याचं चित्र काढलं.

"खाल्ला का पण?"

"चित्र काढलं."

"शहाणा बादशहा." आणि डायरीत नोंद झाली: पेरू (भाजका), नग १. पंच म्हणून माझ्या मुलाची सही घेतली.

मग फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. दोन मिनिटांत पहिला प्रश्न आला, "मोर मारला का?" पुढचा तासभर काका गॅलरीत थंडीत उभे राहून ओरडत होते, "मोर नाही रे, पेरू! पेरू भाजलाय!" पलीकडून काय विचारत होते ते ऐकू आलं नाही, पण काका दर वेळी जास्तच चिडत होते.

टेबलावर टर्की मधोमध, कार्यक्रमाच्या अध्यक्षासारखी. सगळ्यांनी तिच्यासोबत फोटो काढले आणि मटणाकडे वळले. वीस मिनिटांत पातेलं चाटूनपुसून साफ. निघताना वहिनी म्हणाली, "दिसत मात्र छान होती हं."

व्रत समजतं, माळ समजते, मुलीची तत्त्वंही मी मुकाट ऐकतो. पण भावाला कसला गुरुवार होता? तीन वाट्या रस्सा ओरपला त्याने. साडेतीन तास मी दर अर्ध्या तासाने तिच्यावर लोणी सोडत होतो, बोटाला चटका बसलाय तो अजून दुखतोय. एक तुकडा तोंडात टाकून "कोरडी आहे" म्हणाला असता तरी चाललं असतं. न खाताच कोरडी? शिवाय वर्गणी काढायची वेळ आली तेव्हा मटणाचे पैसे वाटून घेतले. टर्की फुकट होती ना!

शनिवारी तिचा खिमा केला, रविवारी कटलेट. मुलाने वास घेऊन विचारलं, "तीच का?"

काल रात्री काकांचा फोन आला. मला वाटलं, बोटाची चौकशी करतील.

"त्या पेरूतला शिल्लक माल किती? रकाना रिकामा राहिलाय."

मी उठलो, फ्रीझरमधला डबा काट्यावर ठेवला आणि सांगितलं, एक किलो नऊशे ग्रॅम. डब्यासकट.